मुल्कीच्या लाटा आणि बोर्डाची निगा

कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघालं की रत्नागिरी, सावंतवाडी, मडगाव, कारवार ही स्टेशनं आपल्या ओळखीची असतात. उडुपीच्या श्रीकृष्णाचं दर्शन घेऊन आलेल्या मैत्रिणीही आपल्यात पुष्कळ आहेत. पण उडुपी सोडून गाडी मंगळूरकडे निघाली की वाटेत मुल्की नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. तिथे मुद्दाम उतरणारी मराठी कुटुंबं अजून थोडीच. हल्ली मात्र पाठीवर पिशव्या टाकलेली तरुण मुलं-मुली तिथे उतरताना दिसतात. ही मंडळी देवदर्शनाला आलेली नसतात, नातेवाइकांकडेही नाही. ती येतात लाटांवर उभं राहायला शिकण्यासाठी. या खेळाचं नाव सर्फिंग.

आज ना उद्या तुमच्याही घरात हा विषय निघणार आहे. कॉलेजातला मुलगा किंवा नोकरीला लागलेली मुलगी चार दिवस समुद्रावर जाऊन येते आणि आल्या आल्या जाहीर करते, “आई, मला स्वतःचा बोर्ड घ्यायचाय!” बोर्डाची किंमत ऐकून आपला घास हातातच राहतो. चांगल्या बोर्डाला पंचवीस-तीस हजार सहज पडतात, त्याहून अधिकही. तेव्हा रागावण्याआधी हे प्रकरण काय आहे, काय घ्यावं, काय घेऊ नये आणि घेतलेलं टिकवावं कसं, हे आपण समजून घेतलेलं बरं. आणि हो, तुम्हाला स्वतःला त्या लाटेवर जावंसं वाटलं तर? त्याबद्दलही सांगायचंय.

गाव कसं आहे?

मुल्की शांभवी नदीच्या काठी वसलेलं आहे. गावाच्या जवळच शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. त्या मुखाशी ससिहित्लू नावाचा वाळूचा लांबलचक किनारा आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये माडांची रांग. नदीने आणलेली वाळू मुखाशी साचून पाण्याखाली उंचवटे तयार होतात. समुद्राची लाट त्या उंचवट्यांवर येऊन उभी राहते आणि फुटते. सर्फिंगला हवी असते ती अशीच लाट.

गावात बप्पनाडूचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ आहे. ते बप्प नावाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने बांधलं, अशी तिथली परंपरा सांगते, आणि दोन्ही समाज ती आठवण आजही मानाने जपतात. गोव्याकडून शतकांपूर्वी खाली आलेल्या गौड सारस्वतांची वस्तीही इथे जुनी आहे. त्यामुळे बाजारात तुळू आणि कन्नडबरोबर कोकणी कानावर पडते आणि आपल्याला एकदम घरच्यासारखं वाटतं. न्याहारीला पांढरे शुभ्र, जाळीदार नीर डोसे, संध्याकाळी गोळीबजे. अळूच्या पानांचं पत्रोडे खाल्लंत तर आपल्या अळूवडीची मोठी बहीण भेटल्यासारखं वाटेल. केसात माळायला उडुपी मल्लिगे, म्हणजे तिथली मोगऱ्यासारखी सुवासिक फुलं. एकूण काय, मुलं पाण्यात असताना आपला वेळ मजेत जाईल असं गाव आहे.

इथे सर्फिंग आलं कुठून?

या खेळाचं माहेर पॅसिफिक महासागरातली बेटं, आणि त्यातही हवाई. तिथे हा फक्त पुरुषांचा खेळ कधीच नव्हता. राजघराण्यातल्या स्त्रियाही लाटांवर स्वार होत. हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक काहानामोकू १९१४-१५ मध्ये ऑस्ट्रेलियात गेला. सिडनीजवळ त्याने प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याने आपल्याच फळीवर सोबत घेतलं होतं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. ते ऑलिंपिक २०२१ मध्ये पार पडलं आणि स्त्रियांचं पहिलं सुवर्णपदक हवाईच्याच कॅरिसा मूरने जिंकलं.

मुल्कीत हा खेळ आला तो एका आश्रमातून! अमेरिकेहून आलेले, वैष्णव संन्यास घेतलेले जॅक हेब्नर तरुणपणापासून सर्फिंग करायचे. ‘सर्फिंग स्वामी’ हेच त्यांचं नाव पडलं. त्यांच्या आश्रमाने २००४ मध्ये सुरू केलेला मंत्र सर्फ क्लब हा भारतातला पहिला सर्फ क्लब म्हणून ओळखला जातो. पहाटे जप, मग समुद्र, आणि जेवण शुद्ध शाकाहारी. पुढे २०१६ मध्ये ससिहित्लूच्या किनाऱ्यावर ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही स्पर्धा भरली.

आपल्या जवळची गोष्ट म्हणजे इशिता मालवीय. ही मुंबईची मुलगी मणिपालला शिकायला गेली आणि मुल्कीच्या या मंडळींमुळे सर्फिंगकडे वळली. २००७ मध्ये तिने तुषार पाथियान यांच्यासोबत उडुपीजवळच्या कोडी बेंगरे या कोळ्यांच्या गावी शाका सर्फ क्लब सुरू केला. भारतातली पहिली व्यावसायिक स्त्री सर्फर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. कोडी बेंगरे म्हणजे सुवर्णा नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे उभं राहिलं की दोन्ही हातांना पाणी दिसतं.

केव्हा जावं?

शिकणाऱ्याने ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच जावं. तेव्हा लाटा गुडघ्या-कमरेएवढ्या असतात. पाऊस जवळ आला की समुद्र उसळू लागतो. जून-जुलैत तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. कोळी ज्या पाण्यात होडी घालत नाही, त्या पाण्यात आपल्या मुलाने फळी घालू नये, एवढं साधं गणित लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात कमी. भरती-ओहोटीच्या वेळा शिकवणाऱ्याला विचारून मगच पाण्यात उतरायचं.

बोर्ड कोणता घ्यावा?

पहिला सल्ला असा, की पहिल्या वर्षी बोर्ड विकत घेऊच नका. शिकवणीच्या पैशांत बोर्ड मिळतो, एरवी भाड्याने मिळतो. आठ-नऊ फुटांची वस्तू रेल्वेच्या बर्थखाली जात नाही आणि आपल्या दोन खोल्यांच्या घरात जिन्यावरून वळतही नाही. मुलांचा उत्साह दुसऱ्या मोसमातही टिकला, तर मग विचार करावा.

शिकणाऱ्यासाठी ‘सॉफ्ट-टॉप’ बोर्ड उत्तम. आत फोम, वरून मऊ थर आणि खाली गुळगुळीत प्लॅस्टिक. डोक्याला लागला तरी कठीण बोर्डाइतकी इजा होत नाही. लांबी ८ ते ९ फूट, रुंदी २२-२३ इंच, जाडी ३ इंचांच्या आसपास. जेवढा लांब-रुंद, तेवढा पाण्यावर स्थिर. दुकानात चित्रं काढलेले, टोकदार, सहा फुटी बोर्ड दिसतात. मुलांचा डोळा नेमका त्यांच्यावरच असतो. पण ते कसलेल्यांसाठी. नवख्याखाली तो बोर्ड बुडतो, मूल हिरमुसतं, आणि बोर्ड जातो माळ्यावर.

बोर्डावर लिटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. तो म्हणजे बोर्डाचं आकारमान, अर्थात पाण्यावर तरंगण्याची त्याची ताकद. साधा हिशेब असा, की शिकणाऱ्याचं वजन जितके किलो, निदान तितके लिटर तरी बोर्ड हवा, थोडा जास्तच बरा. साठ किलोच्या मुलीला साठ ते ऐंशी लिटरचा बोर्ड छान. आकडा लिहिलेला नसेल तर दुकानदाराला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

कठीण बोर्डांत मुख्य दोन जाती. एकीत पॉलियुरेथेनचा फोम आणि वर पॉलिएस्टर रेझिन. दुसरीत थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम आणि वर एपॉक्सी रेझिन. पहिला जरा जड आणि दुरुस्तीला सोपा. दुसरा हलका आणि वरून चिवट, पण उन्हाच्या तापाला भिणारा. घेतलेला बोर्ड कोणत्या जातीचा हे एका चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवा. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती चिठ्ठी लागणार आहे.

जुना बोर्ड घेताना

जुना बोर्ड अर्ध्या किमतीत मिळतो आणि बऱ्याचदा तोच शहाणपणाचा सौदा असतो. पण इथे आपली बाजारातली नजर कामी यावी. मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना? तसंच बोटांच्या पेरांनी बोर्ड टोपापासून शेपटीपर्यंत वाजवत जा. आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच पोकळ, भदभद आवाज आला तर आतला फोम वरच्या थरापासून सुटलाय असं समजा. अंगठ्याने दाबून पाहा, तिथे दबेल. दोन्ही कडांवरून तळवा फिरवा, भेगा हाताला लागतात. फिन, म्हणजे खाली लावलेले पर, हलवून बघा. त्यांची बैठक डुगडुगत असेल तर नको. शेवटी उचलून पाहा. त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागला तर आत पाणी मुरलंय. नुसता पिवळसर रंग आला असेल तर घाबरू नका, तो उन्हाने आणि वयाने येतो. पण एकाच जागी तपकिरी डाग असेल तर तिथून पाणी शिरलं असण्याचा संभव मोठा.

दोरी, मेण आणि कपडे

बोर्डाला बांधलेल्या आणि दुसरं टोक मागच्या पायाच्या घोट्याला अडकवायच्या दोरीला लीश म्हणतात. तिथे काटकसर करू नका. पडल्यावर बोर्ड लांब वाहून गेला तर शिकणाऱ्याचा आधार जातो, आणि मोकळा सुटलेला बोर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर आदळतो. दोरी बोर्डाइतकी किंवा किंचित जास्त लांब असावी. भाड्याच्या बोर्डाची दोरी मी स्वतः बोटांनी चाचपून घेते. एका किनाऱ्यावर भाड्याने मिळालेल्या दोरीवर नखाएवढी चीर सापडली होती. ती परत करून दुसरी मागितली, तेव्हा त्या मुलाने तोंड वाकडं केलं, पण दिली. मागायला लाजू नका. बारीकशी चीरही लाटेच्या हिसक्याने एका क्षणात तुटते.

पाय घसरू नये म्हणून बोर्डाच्या वरच्या बाजूला मेण लावतात. मेणाच्या वड्यांवर पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं. आपला समुद्र कोमट, म्हणून ‘ट्रॉपिकल’ लिहिलेली वडीच घ्यायची. थंड पाण्याचं मेण इथे लोण्यासारखं वितळतं. घरातली मेणबत्ती घासून काम भागेल असं वाटतं, पण ते मेण गुळगुळीत राहतं आणि पाय अधिकच घसरतो. सॉफ्ट-टॉपला मेण थोडंच लागतं.

कपड्यांत हवा लायक्राचा, पूर्ण बाह्यांचा, अंगासरशी बसणारा सदरा. त्याला रॅश गार्ड म्हणतात. खाली घोट्यापर्यंत त्याच जातीची तंग विजार. बोर्डावर पालथं पडून हाताने पाणी मारताना पोट आणि छाती घासून सोलवटतात, ते याने टळतं, आणि उन्हापासूनही रक्षण होतं. सुती कुडता, सलवार, ओढणी पाण्यात अजिबात नको. भिजलेलं सूत जड होऊन पायांत गुंतागुंत करतं. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, जोडवी खोलीवर काढून ठेवा. केसांची घट्ट वेणी घाला.

निगा

हवाईमधल्या लाकडी फळ्यांबद्दल विल्यम एलिस या मिशनऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तिथले लोक खेळ संपला की फळी उन्हात खडखडीत वाळवायचे, खोबरेल तेलाने चोळायचे, कापडात गुंडाळायचे आणि घरात टांगून ठेवायचे. आज फळीचं द्रव्य बदललंय, पण धुणं, वाळवणं आणि गुंडाळून ठेवणं हा क्रम तोच आहे. फक्त तेल नको, आणि ऊन तर अजिबात नको.

पाण्याबाहेर आलं की आधी गोड्या पाण्याने बोर्ड धुवा. फिनच्या खाचा आणि दोरीचा सांधा विसरू नका. तिथे मीठ बसलं की स्क्रू गंजतात आणि पुढे फिन निघता निघत नाही. नंतर सावलीत वाळवा. वाळूवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर भर उन्हात आडवा टाकू नका. बंद मोटारीत तर तासभरही नको. आत ताप वाढतो, फोममधली हवा फुगते, वरचा थर सुटतो आणि पापडासारखे फुगे येतात. हे नुकसान सहसा पुरतं भरून येत नाही.

दोरी बोर्डाला घट्ट गुंडाळून ठेवायची सवय फार जणांना असते. त्याने दोरीला पीळ पडतो. धुऊन सरळ लोंबकळत टांगावी. व्हेल्क्रोत अडकलेली वाळू जुन्या दातांच्या ब्रशने काढावी. बोर्ड पिशवीत ठेवायचा तो पूर्ण कोरडा झाल्यावरच. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, तसाच हा नियम. ठेवताना भिंतीला नुसता टेकवू नका, लहान मुलाच्या धक्क्याने पडून नाक फुटतं. दोन मऊ आधारांवर आडवा ठेवलेला उत्तम.

रॅश गार्ड गार पाण्यात, साध्या साबणाने हाताने धुवा. ब्लीच, गरम पाणी आणि इस्त्री वर्ज्य. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळत घाला. जपलेल्या रेशमी साडीला आपण जशी वागणूक देतो, तशीच.

जुनं मेण महिन्या-दोन महिन्यांनी खरवडावं. बोर्ड दोन-चार मिनिटं कोवळ्या उन्हात धरला की मेण मऊ पडतं. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. सुरी किंवा उलथनं नको. उरलेलं मेण जुन्या मऊ फडक्याने पुसा.

फुटलं तर?

बोर्डाला भेग पडली की त्याच क्षणी पाण्याबाहेर काढायचा. ‘आजचा दिवस जाऊ दे’ म्हणायचं नाही, कारण फोम पाणी पितो. भेगेचं तोंड खाली करून सावलीत पूर्ण वाळू द्या, कधी कधी आठवडा जातो. आत पाणी असताना वरून बुजवलं तर ते आतच कुजत राहतं.

लहान भेग असेल तर घरी बुजवता येते. पॉलिश पेपरने कडा घासून घ्यायच्या, रेझिन भरायचं, वाळलं की पुन्हा घासून सपाट करायचं. उन्हात घट्ट होणारं तयार रेझिनही ट्यूबमध्ये मिळतं. आता ती कपाटातली चिठ्ठी काढा! ईपीएस फोमच्या बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन चुकूनही लावू नका. ते फोम विरघळवतं आणि बोटभर भेगेचा खड्डा होतो. एपॉक्सी मात्र दोन्ही जातींना चालतं. काम गच्चीवर, मोकळ्या हवेत करायचं. हातमोजे आणि नाका-तोंडाला मास्क हवाच. रेझिनची वाफ आणि घासताना उडणारी पूड दोन्ही वाईट. स्वयंपाकघरात आणि लहान मुलांजवळ तर नकोच नको.

पाण्यातली काळजी

बोर्ड कितीही चांगला असला तरी तो पोहण्याची जागा घेत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याने कमरेच्या पुढच्या पाण्यात जायचं नाही, आणि शिकवणारा हाताच्या अंतरावर हवा. समुद्रात कुठे कुठे आत ओढणारा ओघ असतो. जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गप्प, गडद दिसतोय, तिथे बहुधा तो असतो. दिसायला तीच जागा शांत वाटते, म्हणून माणूस फसतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा ओघात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दम संपतो. बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर हात मारत ओघाबाहेर पडायचं आणि हात वर करून मदत मागायची. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या.

पडायचं तेही शिकून. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आडवं पडायचं, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरायचे. लाट आणि आपलं शरीर यांच्यामध्ये बोर्ड कधीही आडवा येऊ द्यायचा नाही.

आणि आपण?

मुलांना शिकायला सोडून आपण माडाखाली पिशव्या सांभाळत बसतो. कोडी बेंगरेच्या वाळूत अशाच बसलेल्या चार-पाच जणी मी पाहिल्या. त्यांतली एक, पंचेचाळिशीची असेल, दुसऱ्या दिवशी उठली आणि लेकीचा जादा रॅश गार्ड घालून पाण्यात गेली. शिकवणारा तुळू बोलणारा पोरगा तिला मोडक्या हिंदीत सांगत होता, “अक्का, पाँव मत देखो, किनारा देखो!” ती सात वेळा पडली. आठव्यांदा गुडघ्यांवर उभी राहिली आणि तशीच थेट वाळूपर्यंत आली. पायांवर उभं राहणं त्या दिवशी काही जमलं नाही. पण बाहेर आल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल? बोर्ड उचलला, नळाखाली धरला आणि खाचांतलं मीठ बोटाने काढू लागली. लेक बघतच राहिली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी उडुपीला गेलात तर दोन दिवस जास्त काढा. रक्तदाब, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहता येत नसेल तर शिकवणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. सकाळची वेळ निवडा, दोरी चाचपून घ्या आणि नजर किनाऱ्यावर ठेवा. पिशव्या सांभाळायला त्या दिवशी घरातल्या पुरुष मंडळींना बसवलं तरी चालेल!